मेकॅनिक : मी

जिंकलेल्या शर्यतीची ट्रॉफी घरी यायला किती वेळ लागावा? वेन्डेल स्कॉट या काळ्या अमेरिकी रेसिंग ड्रायव्हरच्या घरच्यांना जवळजवळ ५८ वर्षं थांबावं लागलं. शर्यत झाली १ डिसेंबर १९६३ ला आणि ट्रॉफी मिळाली २८ ऑगस्ट २०२१ ला. ज्याने जिंकली तो १९९० मध्येच गेला. व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर शेजारच्या खुर्चीतल्या एका आजीबाईंनी मला हे सांगितलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. इथल्या दिवाळीबद्दल लिहायला घेतलं होतं, ते बाजूला ठेवून हे लिहितोय.

नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या मराठी मंडळींत नॅसकारचं, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचं, नाव काढलं की लोक हसतात. तासन्‌तास गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत बघायचं काय, असं त्यांना वाटतं. फॉर्म्युला वनसाठी हीच मंडळी रविवारी पहाटे उठतात. मला हे मुळीच पटत नाही. नॅसकारच्या बहुतेक टीम्सची गॅरेजेस आमच्याच राज्यात, शार्लटच्या आसपास आहेत. आपण जिथे राहतो तिथल्या माणसांचा जीव कशात आहे हे एकदा तरी जाऊन बघायला नको का? मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा आहे. दोन लांब सरळ पट्टे आणि दोन्ही टोकांना इतकी घट्ट वळणं, की ब्रेक मारून मारून डिस्क लाल होतात आणि संध्याकाळ झाली की चाकांच्या आत तो लाल रंग बसल्या जागेवरून दिसतो. रबराचा बारीक चुरा केसांत, बाहीवर, खाण्याच्या पुड्यात येऊन पडतो. जिंकणाऱ्याला इथे पुरुषभर उंचीचं लोलकाचं घड्याळ देतात. १९६४ पासूनची प्रथा आहे ती. आजीबाई त्या घड्याळावरूनच विषयाला आल्या. म्हणाल्या, इथून तीसेक मैलांवर डॅनव्हिलला एक माणूस राहायचा, त्याला घड्याळ तर नाहीच, पण हक्काची ट्रॉफीसुद्धा दिली नाही या लोकांनी. त्यांच्या वडिलांनी डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर त्याला गाडी चालवताना पाहिलं होतं. आजीबाई गोऱ्या, हे मुद्दाम सांगतो.

डॅनव्हिल म्हणजे तेव्हा तंबाखू आणि कापडगिरणी. काळ्या माणसाला या दोनच वाटा, आणि १९२१ मध्ये जन्मलेल्या स्कॉटला दोन्ही नको होत्या. त्याने टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिकचं काम केलं (तेव्हाच्या अमेरिकी सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत), परत येऊन गॅरेज टाकलं. घर चालेना म्हणून रात्री हातभट्टीची दारू पोहोचवायला लागला. पोलिसांची गाडी मागे लागली तर सुटता यावं म्हणून आपली गाडी स्वतःच्या हातांनी तयार करायची आणि काळोखात आडवाटांनी पळवायची. या खेळातले सुरुवातीचे कितीतरी ड्रायव्हर याच शाळेतून आलेत, गोरेसुद्धा. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतींच्या आयोजकांना प्रेक्षक खेचायला एक काळा ड्रायव्हर हवा होता. त्यांनी पोलिसांनाच विचारलं, की गावात सगळ्यात वेगाने गाडी कोण चालवतं. पोलिसांनी स्कॉटचं नाव दिलं. त्याच्या मागे धावून तेच दमलेले होते ना!

नॅसकारच्या शर्यतींत मात्र सुरुवातीला त्याला दारातूनच परत पाठवलं. गाडी ट्रकमागे बांधून न्यायची, गेटवर नकार ऐकायचा आणि तशीच घरी आणायची. तरी तो छोट्या ट्रॅकवर पळत राहिला, १९५९ मध्ये व्हर्जिनियाचा स्पोर्ट्‌समन गटातला राज्य विजेता झाला आणि १९६१ मध्ये नॅसकारच्या सगळ्यात वरच्या वर्गात उतरला. तिथे त्याने ४९५ शर्यती केल्या. २० वेळा पहिल्या पाचांत, १४७ वेळा पहिल्या दहांत. १९६६ मध्ये वर्षभराच्या गुणांत तो देशात सहावा होता. गाडीचा नंबर ३४. गाडीवर त्याने एक ओळ रंगवून घेतली होती : मेकॅनिक – मी.

या एका ओळीपाशी मी थांबतो, कारण माझ्या मते त्याची खरी करामत इथे आहे. पहिला काळा विजेता म्हणून त्याचं नाव घेतात, घ्यायलाच हवं. पण ही गाडी एका घराने पळवली होती. घरात बायको मेरी आणि सात मुलं. वेन्डेल ज्युनियर, फ्रँक ही मुलं मिसरूड फुटायच्या आधीपासून पिटमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना गाडीची चाकं बदलायच्या, डागडुजी करायच्या जागी, जॅक आणि पाने घेऊन उभी असायची. आठवडाभर शाळा, शाळा सुटली की गॅरेज, आणि शुक्रवार आला की ट्रक जोडून शेकडो मैलांचा प्रवास. वाटेत हॉटेलात खोली मिळायची नाही, मग ट्रकमध्येच झोपायचं. खानावळीत आत घ्यायचे नाहीत, मग घरून बांधून आणलेलं खायचं. मोठ्या टीम्सनी वापरून टाकलेले टायर विकत घ्यायचे आणि त्यांवर शर्यत काढायची. पिटमध्ये माणसं कमी पडली तर स्वतः स्कॉट हेल्मेटसकट गाडीतून उतरून हात लावायचा आणि पुन्हा आत बसून निघायचा. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीमागे अख्खं घर कसं राबतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. आज पिटमध्ये भिंतीवरून उडी मारून येणारी माणसं कॉलेजात फुटबॉल खेळलेली असतात, पगारी असतात, आणि दहाएक सेकंदांत चारही चाकं बदलतात. मला त्यांचंही कौतुक आहे. पण ट्रकमध्ये रात्र काढून, समोरच्या स्टँडवरून येणाऱ्या शिव्या ऐकत, सोमवारी पुन्हा शाळेत जाणारी ती मुलं मला कितीतरी मोठी वाटतात.

घरच्या टीमचा विषय निघाला की इथे पेटी घराण्याचं नाव येतं, तेही डॅनव्हिलपासून फार लांब नाही, आमच्याच राज्यातल्या लेव्हल क्रॉस गावातलं. बाप ली, मुलगा रिचर्ड, इंजिनं बांधणारा धाकटा मॉरिस, गाडीच्या टीमचा प्रमुख (क्रू चीफ) चुलतभाऊ डेल इनमन. रिचर्डचे २०० विजय आणि सात अजिंक्यपदं. १९५९ मध्ये अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर रिचर्डला विजेता जाहीर केलं, तेव्हा बापानेच हरकत घेतली, फेऱ्या पुन्हा मोजायला लावल्या आणि शर्यत स्वतःच्या नावावर करून घेतली. असं कडक घर. पण त्यांच्यामागे नंतर क्रायस्लर ही मोटार कंपनी उभी राहिली. स्कॉटच्या मागे कोण होतं? नेड जॅरेटसारख्या एखाद्या भल्या ड्रायव्हरने जुनी शेव्हरले विकली, एखाद्याने सुटे भाग दिले, एवढंच. दोन्ही घरं एकाच मातीतली, दोन्ही घरांच्या हातात तेच कसब. एका घराला कारखान्याचं पाठबळ मिळालं आणि दुसऱ्याला वापरलेले टायर.

आणि म्हणूनच जॅक्सनव्हिलची ती शर्यत मला इतकी लागते. फ्लॉरिडातला अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. शेवटच्या २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने चक्क रिचर्ड पेटीला मागे टाकलं. पेटीची गाडी कुरकुरत होती हे खरं, पण गाडी धड ठेवणं हाही शर्यतीचाच भाग आहे. स्कॉट २०० फेऱ्या पूर्ण करतो, आणि शर्यत संपल्याचा झेंडा पडत नाही. तो फिरतच राहतो. दोन फेऱ्या मागे असलेला बक बेकर रेषा ओलांडतो, त्याला चौकडीचा झेंडा दाखवतात, ट्रॉफी देतात, फोटो काढतात. स्कॉट हरकत नोंदवतो. पुढचे काही तास कागद तपासले जातात, आणि लोक घरी गेल्यावर अधिकारी सांगतात, की हो, जिंकलास तूच. बक्षिसाचे पैसे दिले. ट्रॉफी बेकरबरोबर निघून गेली होती. पुढे कधीतरी एक साधा लाकडी तुकडा त्याच्या हातात ठेवला, असं घरचे सांगतात.

फेऱ्या मोजण्यात चूक झाली, असं कारण दिलं गेलं. तेव्हा फेऱ्या हाताने मोजत, माणसं बसून कार्डावर खुणा करत, त्यामुळे चुका व्हायच्या हे मान्य. १९५९ मध्ये डेटोना ५०० ही नॅसकारची मोठी शर्यत पहिल्यांदा झाली, तिच्यात आधी जॉनी बोचँपला विजेता ठरवलं होतं आणि तीन दिवसांनी फोटो, फिल्म बघून ली पेटीला. पण तिथे चूक सापडल्यावर जगजाहीर केली, मान पेटीला दिला. इथे दोन फेऱ्यांचा फरक होता. दोन इंचांचा नव्हे! विजेत्याच्या गालाचा मुका घ्यायला एक गोरी सुंदरी उभी असायची. त्या काळात फ्लॉरिडात, भरल्या मैदानासमोर ते दृश्य अधिकाऱ्यांना नको होतं, असं स्कॉटचं स्वतःचं मत होतं, आणि ते मला शंभर टक्के पटतं. पैसे बंद खोलीत देता येतात. ट्रॉफी चारचौघांतच द्यावी लागते.

हे सगळं फोनवर भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मग राहतोस कशाला त्या देशात? आणि इथे ऑफिसात एका काळ्या सहकाऱ्याशी बोललो तर त्याने शांतपणे विचारलं, तुमच्याकडे जातींचं काय? दोघांनाही उत्तर देताना माझा आवाज चढला. सहकाऱ्याला मी क्रिकेटपटू बाळू पालवणकरची गोष्ट सांगितली. कोकणातल्या पालवणच्या चांभार घरातला मुलगा, पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर चार रुपये पगारावर खेळपट्टी राखणारा. तोच १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतो. आणि त्याच बाळूला त्याच्या स्वतःच्या संघातले खेळाडू चहा देत ते पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. तेव्हाच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कप्तानपद त्याला शेवटपर्यंत दिलं नाही. पण शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्याचे भाऊही त्याच तोडीचे निघाले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल त्याच संघाचा कप्तान झाला, त्याने करंडकही जिंकून दिला. म्हणजे स्कॉट दोन वर्षांचा होता, तेव्हा आमच्याकडे हा प्रश्न एका घरापुरता तरी सुटला होता, असं मी ठासून सांगितलं. तो म्हणाला, आणि बाळूला स्वतःला काय मिळालं? त्याचं बरोबर आहे. तरी मी माझं म्हणणं मागे घेतलेलं नाही. एकाच घराने चार असे खेळाडू द्यावेत आणि त्यातल्या एकाने तरी तो मान खेचून आणावा, याचा मला अभिमान आहे आणि राहील.

भावालाही सांगितलं, मी इथे राहतो याची मला लाज वाटत नाही. २०१५ मध्ये याच लोकांनी स्कॉटला शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तिथला पहिला काळा ड्रायव्हर म्हणून. २०२१ मध्ये डेटोनाला भरल्या मैदानात त्याच्या घरच्यांच्या हातात ट्रॉफी दिली, त्याच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. डॅनव्हिलला त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि व्हर्जिनिया राज्याने २०१३ मध्ये लावलेली राखाडी पाटीही आहे. उशीर झाला, भयंकर उशीर झाला, पण केलं ते उघड्यावर केलं.

डॅनव्हिलपासून जवळच व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवे आहे, स्पोर्ट्‌स कारच्या शर्यतींचा सुंदर वळणदार ट्रॅक, १९५७ मध्ये सुरू झालेला. पहिली शर्यत कॅरोल शेल्बीने मासेराती चालवून जिंकली. ऑगस्टमध्ये मी तिथे हटकून जातो. हा ट्रॅक सुरू झाला तेव्हा स्कॉट त्याच परिसरात जुन्या गाड्यांची इंजिनं उघडून बसलेला होता. पुरेसा पैसा मिळता तर त्या वळणांवर त्याने काय केलं असतं, असं गवतावर बसून गाड्या बघताना माझ्या मनात येणारच.

पैसा शेवटपर्यंत आला नाही. १९७३ मध्ये कर्ज काढून त्याने एक बरी गाडी घेतली, मर्क्युरी. ६ मे ला अलाबामातल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यात तो सापडला. बरगड्या, कंबरेचं हाड, गुडघे, सगळं मोडलं. गाडी संपली, कर्ज राहिलं. ऑक्टोबरात शार्लटला एकदा पुन्हा उतरला, बारावा आला, आणि थांबला.

त्याच टॅलाडेगावर ४ ऑक्टोबर २०२१ ला बबा वॉलेस जिंकला. स्कॉटनंतर या वर्गात जिंकलेला पहिला काळा ड्रायव्हर, तोही त्या ट्रॉफीनंतर सहा आठवड्यांच्या आत. ११७ व्या फेरीला पाऊस आला तेव्हा तो पुढे होता, शर्यत पुन्हा सुरू झाली नाही, आणि त्याच दुपारी त्याला विजेता जाहीर केलं. लगेच काही जण म्हणायला लागले, की याला पावसाने जिंकवलं. ठरलेला टप्पा ओलांडल्यावर पावसाने शर्यत थांबली, तर त्या क्षणी पुढे असलेला जिंकतो, हा नियम तिथे सगळ्यांना लागू आहे आणि त्याचा फायदा कितीतरी गोऱ्या ड्रायव्हरांनी आजवर घेतलाय. त्यांच्या विजयासमोर पाऊस कुणी लिहीत नाही. वॉलेसच्याही लिहू नये.