हळदीच्या पट्ट्यात मराठी वर्डप्रेस: समुद्रपूर तालुक्यातले दोन दिवस

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून चंद्रपूर किंवा हिंगणघाटची एसटी धरा. बुटीबोरी मागे पडते आणि साधारण दीड तासात जामचा चौरस्ता येतो. तिथून समुद्रपूरला ऑटो मिळतात, पण पुढच्या खेड्यांकडे जाणारे ऑटो भरल्याशिवाय सुटत नाहीत, म्हणून सकाळी निघालेलं बरं. जानेवारीच्या शेवटी मी ज्या गावी गेले होते ते याच पट्ट्यातलं. इथल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. गावाचं नाव बचत गटाच्या बायांना विचारल्यावरच लिहीन.

मी नऊ वर्षं वर्डप्रेसवर (संकेतस्थळं बांधायचं आणि चालवायचं खुलं सॉफ्टवेअर) संकेतस्थळं बांधते आहे आणि पाच वर्षांपासून त्याच्या मराठी भाषांतराला हातभार लावते. २०१४ साली वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग यांनी एक आवाहन केलं होतं: वर्डप्रेसवर ज्यांचं पोट चालतं त्यांनी आपल्या वेळातला, मनुष्यबळातला पाच टक्के भाग वर्डप्रेसलाच परत द्यावा. चाळीस तासांच्या आठवड्यात ते दोन तास होतात. तेवढे मी देते. पण या पाच वर्षांत वर्डप्रेस मराठीतून वापरणाऱ्या एकाही माणसाशेजारी मी बसले नव्हते. भाषांतर करणाऱ्या आम्हा सगळ्यांना इंग्रजी पडदा पाठ असतो. मराठी शब्द वाचला की त्यामागचा इंग्रजी शब्द आधी आठवतो, त्यामुळे चुकीचा मराठी शब्द टोचतच नाही. तो कुणाला टोचतो हे बघायला मी गेले होते. गटाला हळद, तिखट आणि जवसाची चटणी विकायला संकेतस्थळ हवं होतं. बांधून देणं माझ्याकडे, चालवणं त्यांच्याकडे, असं ठरलं होतं.

वेळेचं आधी सांगते. कापसाच्या वेचणीत जाऊ नका, दिवसा गावात कुणी भेटत नाही. मे महिन्यात विदर्भातलं ऊन बाहेरच्या माणसाला झेपत नाही. जानेवारीच्या शेवटी वेचणी सरत आलेली असते आणि हळद अजून जमिनीत असते. तरी बाया मोकळ्या होतात त्या रात्री आठनंतरच. पहिल्या दिवशी आम्ही समाजमंदिरात आठ ते दहा बसलो. दुसऱ्या दिवशी गटाची महिन्याची बैठक होती म्हणून दुपार मिळाली. जाण्याआधी गटाला फोन करून बैठकीचा दिवस विचारा आणि तोच धरा.

पहिल्या रात्रीचा पाऊण तास मी वाया घालवला. तो तुमचा वाचावा म्हणून नीट लिहिते. गावात नेट असतं, पण आठ-दहा फोन एकदम जोडले की ते पुरत नाही. म्हणून वर्डप्रेस मी लॅपटॉपवरच बसवून नेलं होतं. फोन माझ्या हॉटस्पॉटला जोडायचे आणि लॅपटॉपवरचं संकेतस्थळ उघडायचं, असा बेत. फोनवर पान उघडलं ते उघडंबोडकं: ना रंग, ना मांडणी. कुठल्याही दुव्यावर बोट ठेवलं की ‘पान सापडत नाही’. कारण साधं आहे. वर्डप्रेस आपला पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं. माझ्याकडे तो ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच यंत्र’, असा होता, आणि फोनच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच. तिथे काय सापडणार! सेटिंग्जमधल्या ‘सामान्य’ पानावर संकेतस्थळाच्या पत्त्याच्या दोन जागा असतात. दोन्हींत लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता) टाकला तेव्हा गाडी रुळावर आली. दुसऱ्या दिवशी हॉटस्पॉटने वेगळाच आयपी दिला आणि तेच सगळं पुन्हा. एक साधा राउटर घेऊन जा, त्यात लॅपटॉपला कायमचा आयपी नेमून द्या, आणि निघण्याआधी घरी दोन फोनवर उघडून बघा. मराठी भाषेची फाइल, थीम (संकेतस्थळाचं रूप ठरवणारा साचा), प्लगिन (जादा सोयी देणारी जोडणी), सगळं आधीच उतरवून ठेवा. भाषा बदलताना वर्डप्रेस ती फाइल नेटवरूनच आणतं.

समाजमंदिरातली वीज दोन्ही दिवस टिकली, तरी राउटरसाठी पॉवर बँक जवळ असू द्या. लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड तर हवाच, भिंतीला एकच प्लग होता.

आता शब्दांकडे येते. गटाच्या अध्यक्ष काकू साठीच्या आसपासच्या, सातवी शिकलेल्या. पावत्यांचं पुस्तक वीस वर्षं त्यांच्या हातात आहे. त्यांना मी फोनवर नवी नोंद (पोस्ट) उघडून दिली. त्यांनी बोलून मजकूर लिहिला (फोनने ‘हळकुंड’चं ‘हळद कुंड’ केलं, ते त्यांनी स्वतः दुरुस्त केलं) आणि बोट ‘मसुदा’वर थांबलं.

“हे मसुदा काय असते जी?”

मी सांगितलं, लिहून ठेवायचं, पण अजून कुणाला दाखवायचं नाही.

“म्हंजे कच्चं. कच्ची पावती असते, मंग पक्की होते. तसंच न? मंग कच्चंच लिवा न सीधं.”

शेजारच्या दोघीतिघी “हाव, हाव” म्हणाल्या. मी वहीत लिहून घेतलं.

‘दृश्यमानता’ हा शब्द मी स्वतः कधीतरी सुचवला होता. तो आठपैकी एकीलाही कळला नाही. “कोनाले दिसन, असं इचाराचं हाय का त्याले?” एका ताईने विचारलं. ‘कोणाला दिसेल’ हे माझ्या शब्दापेक्षा कितीतरी चांगलं आहे. उलट ‘जतन करा’ मला पुस्तकी वाटायचं, आणि तेच सगळ्यांना पटकन कळलं, कारण बियाणं जतन करतातच. ‘कचरापेटी’ने मात्र भीती घातली. चुकून बोट लागलं तर सगळं गेलं, असं वाटून एकजण फोनच खाली ठेवून बसली. वर्डप्रेसच्या कचरापेटीतली नोंद आपोआप पुसली जायला तीस दिवस लागतात, तोवर परत आणता येते. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा आणि करून दाखवा. एक नोंद फेकून परत आणली तेव्हाच हात मोकळे झाले.

सगळ्यात जास्त शिकले ते विभक्तीबद्दल. वर्डप्रेसच्या वाक्यांत जिथे नाव आपोआप यायचं असतं तिथे टक्क्याचं चिन्ह आणि एस हे अक्षर असतं. भाषांतर करताना आपण त्याला सरळ ‘मध्ये’ किंवा ‘च्या’ चिकटवतो. पडद्यावर ‘हळद मध्ये बदल केला’, ‘चटणी च्या नोंदी’ असं उमटतं. काकूंनी ते मोठ्याने वाचलं आणि थांबल्या. “हळदीमंधी पाह्यजे,” म्हणाल्या. सामान्यरूप संगणकाला करता येत नाही, म्हणून वाक्यच असं रचायला हवं की नावाला प्रत्यय लागणार नाही: ‘हळद’ या नोंदीत बदल केला, ‘चटणी’ या विभागातल्या नोंदी. भाषांतरात नवे असाल तर ही एवढी सवय आधी लावून घ्या. माझ्याच जुन्या भाषांतरांतली अशी वाक्यं आता एकेक करून दुरुस्त करते आहे.

सूचना पुढे कशा जातात तेही सांगते. वर्डप्रेसच्या भाषांतराच्या संकेतस्थळावर खातं उघडून कुणीही शब्द सुचवू शकतं. सूचना ‘प्रतीक्षेत’ राहते आणि मराठीच्या संपादकांपैकी कुणी मंजूर केली की लागू होते. सूचना ज्याच्या खात्यावरून जाते त्याच्याच नावावर लागते. म्हणून सगळ्यांचे शब्द वहीत उतरवून घरी आपल्या खात्यावरून टाकणं मला बरोबर वाटत नाही. खात्याला ईमेल लागतो आणि बहुतेकींकडे तो नव्हता. काकूंच्या सुनेने स्वतःचं आणि सासूबाईंचं अशी दोन खाती काढून दिली. खाती काढायला तासभर वेगळा ठेवा. एखाद्या प्लगिनवर काम करणार असाल तर हेही माहीत असू द्या: त्याची नव्वद टक्के वाक्यं मंजूर झाल्याशिवाय पहिली मराठी फाइल तयारच होत नाही. पाच प्लगिन अर्धवट करण्यापेक्षा एक पुरं करा. गटाला लागणारं ऑर्डर घेण्याचं प्लगिन आम्ही त्यासाठी धरलं आहे.

एक अडचण ध्यानात ठेवा. गटाची सगळी जुनी माहितीपत्रकं तालुक्याच्या छपाईच्या दुकानात जुन्या, युनिकोडपूर्व (आताच्या फोन-संगणकांवर सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये केलेली आहेत. ती फाइल वर्डप्रेसमध्ये चिकटवली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मजकूर थोडा असेल तर पुन्हा बोलून लिहिणंच लवकर होतं.

राहण्या-जेवण्याची चिंता नको. मी काकूंकडेच राहिले. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकर आणि वर सांबार (कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, पुण्याकडच्यांनी गोंधळू नये). पहिल्या दिवशी मी ‘मॅडम’ होते. दुसऱ्या सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, “काऊन वं माय, झोप आली का नाई?”

निघायच्या आधी काकूंनी एकटीने पहिली नोंद लिहिली: यंदाच्या हळदीची, परसातल्या वाफ्याच्या फोटोसकट. पानं पिवळी पडायला लागली होती. मी ‘प्रकाशित करा’ दाखवलं तर त्यांनी मान हलवली. हळद अजून खणायची, शिजवायची, वाळवायची होती. “आत्ता कायले? हळकुंड हाती येऊ द्या. तवरिक कच्चंच राहू द्या.”

होळीनंतर पुन्हा जाते आहे. सोबत दोघांची सोय होईल. राउटर माझ्याकडे आहे, मराठी टाइप करता येणारी माणसं हवी आहेत.