टिप्परचे जॅक आणि आमची गाभ्याची क्षमता: माझा अनुभव

१६ मार्च २०१८ पासून गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा साखळी शहराजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये टिप्परचे सात हायड्रॉलिक जॅक, म्हणजे तेलाच्या दाबावर हौदा उचलणारे सिलिंडर, दुरुस्त होऊन पडले होते आणि ते न्यायला कोणीच येत नव्हते. बाबांनी हे वर्कशॉप खाणींच्या भरवशावर उभे केले होते. २०१२ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा खाणी थांबल्या, तेव्हा त्यांनी घाईघाईने शेजारचा गाळा घेऊन सुट्या भागांचे दुकान थाटले आणि टायर, बॅटरी, ऑइल असे जे खपेल ते ठेवले. त्या दुकानाने आमचे भांडवल अडकवून ठेवले, कारण त्याच वस्तू म्हापशाच्या आणि फोंड्याच्या मोठ्या दुकानांत स्वस्त मिळत होत्या. दुसऱ्या वेळी व्यवहार माझ्या हाती आला होता आणि तीच चूक पुन्हा करायची नाही, एवढे मी ठरवले होते.

मी एका बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव दिला. त्यात ‘खाणीवरील टिप्परांची सर्व कामे’ असा आमच्या व्यवसायाचा परिचय होता. टिप्परच उभे असतील तर तुम्ही नेमके काय करणार, असे अधिकाऱ्याने विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माझी मावसबहीण महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवते. सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९० मध्ये मांडलेला कोअर कॉम्पिटन्सीचा, म्हणजे गाभ्याच्या क्षमतेचा, विचार तिने मला समजावून सांगितला. या दोघांनी कंपनीला झाडाची उपमा दिली आहे: बाजारात दिसणाऱ्या वस्तू ही पाने-फळे, आणि त्यांना पोसणारी मुळे म्हणजे कंपनीने वर्षानुवर्षे एकत्र गुंफलेली कौशल्ये. होंडाचे नाव घेतले की आपल्याला दुचाकी आठवते. पण इंजिन घडवण्याच्या एकाच क्षमतेवर त्या कंपनीने मोटारगाडी, जनरेटर, पाण्याचा पंप, गवत कापण्याचे यंत्र आणि होडीचे इंजिन अशा वेगवेगळ्या बाजारांत पाऊल टाकले. आपल्याकडे टायटनने घड्याळांसाठी कमावलेले सूक्ष्म कामाचे कौशल्य पुढे विमान उद्योगाला लागणाऱ्या सुट्या भागांसाठी वापरले. बाबा टायरकडे वळले तेव्हा खाली असे कोणतेच मूळ नव्हते, हे मला तेव्हा कळले आणि फार वाईट वाटले, कारण कष्टांत ते कुठेही कमी पडले नव्हते.

क्षमता खरोखर गाभ्याची आहे का, हे तपासण्यासाठी तीन कसोट्या आहेत. तिच्यामुळे अनेक बाजारांची दारे उघडली पाहिजेत, ग्राहकाला जो लाभ जाणवतो त्यात तिचा मोठा वाटा असला पाहिजे, आणि प्रतिस्पर्ध्याला तिची नक्कल करणे अवघड असले पाहिजे. मी उत्साहाने अकरा गोष्टींची यादी केली. दर्जा, विश्वास, तत्पर सेवा हे शब्द मावसबहिणीने पहिल्याच फेरीत खोडले, कारण रस्त्यावरचा कोणताही मेकॅनिक तेच लिहील. वेल्डिंग गेले, लेथचे काम गेले. खाणीजवळची जागा ही सोय होती, क्षमता नव्हती, आणि आता तर ती सोयही उरली नव्हती. यादी रिकामी झाली तेव्हा मी खचले होते, हे नाकारत नाही.

मग आम्ही पाच वर्षांच्या बिलांची पुस्तके काढली आणि कोणते काम किती दुरून आले, ते पाहू लागलो. दक्षिण गोव्यातील कुडचडे आणि सावर्डे भागातून जॅक आमच्याकडे येत होते. वाटेत कितीतरी वर्कशॉप असताना ते गाडीत घालून इतक्या लांब आणले जात होते. मी त्या ग्राहकांना फोन करून कारण विचारले. जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर दिले: तुमच्याकडून नेलेला जॅक लवकर पुन्हा गळत नाही.

तो का गळत नाही, हे आमच्या मिस्त्रींनाही शब्दांत सांगता येत नव्हते. म्हणून मी तीन दिवस त्यांच्याशेजारी बसून प्रत्येक कृती लिहून घेतली. खनिजाची धूळ आतबाहेर सरकणाऱ्या रॉडबरोबर आत ओढली जाते आणि सील (तेल अडवणारी कडी) व बोअर (सिलिंडरची आतली भिंत) दोन्ही खाते. बहुतेक ठिकाणी सील बदलून काम संपवतात. मिस्त्री मात्र आधी ओरखडे पाहतात. ते एकाच बाजूला असतील तर जॅकवर आडवा भार येतो आहे, म्हणजे जॅक ज्यांवर अडकवलेला असतो ते पिन आणि बुश झिजले आहेत, असे ते ओळखतात आणि टिप्परवाल्याला आधी ते बदलायला लावतात. मग बोअर होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, त्याच्या मापाला जुळणारे सील निवडतात. प्रत्येक जॅकचे माप आणि दोष त्यांनी वह्यांत टिपून ठेवले होते. “बाय, सील हे औषध आहे, आधी रोग कळायला हवा,” असे ते म्हणाले, तेव्हा बँकेच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यासमोर होते.

आम्ही टिप्पर दुरुस्त करत नव्हतो. सिलिंडर का गळतो हे शोधून तो मुळातून बरा करत होतो. जेसीबी, बार्ज आणि मासेमारी ट्रॉलर यांचे सुकाणू, वेर्ण्याच्या कारखान्यांतील मोल्डिंग प्रेस, जिथे जिथे सिलिंडर आहे तिथे या कामाला वाट होती. होनिंग मशीन कोणीही विकत घेऊ शकतो, पण त्या वह्या आणि ती नजर विकत मिळत नाही. मात्र ती नजर एकाच माणसाजवळ होती आणि मिस्त्री साठीला आले होते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त घाबरवत होती.

पुढचे निर्णय त्यामुळे सोपे झाले, जरी ते घरात सगळ्यांना रुचले नाहीत. सुट्या भागांचे दुकान बंद केले. रॉडवर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कठीण थर, चढवण्याचे काम चोर्ला घाटातून बेळगावला पाठवायचे ठरवले, पण दोष शोधणे आणि होनिंग बाहेर द्यायचे नाही, हे पक्के केले. स्वस्त पडते म्हणून मुळाचेच काम बाहेर दिले तर कंपनी आतून पोकळ होते, असा इशारा त्या मूळ मांडणीतच दिलेला आहे. मिस्त्रींच्या हाताखाली दोन मुले घेतली. सिलिंडर उघडला की दोष आधी मुलांनी लिहायचा आणि मगच मिस्त्रींनी बोलायचे, असा नियम केला. या प्रशिक्षणाचे पगार वर्षभर कोणत्याही बिलातून निघाले नाहीत, आणि नव्या प्रस्तावात मी ते पगार यंत्राच्या किमतीशेजारी गुंतवणूक म्हणून दाखवले. कर्ज मंजूर झाले.

ट्रॉलरचे पहिले काम मात्र फसले. आम्ही धुळीची झीज समजून रॉड घासून दिला आणि महिन्याभरात तो गळू लागला. खाऱ्या पाण्याने क्रोमच्या बारीक चिरांतून आतले पोलाद गंजून खड्डे पडले होते, आणि खड्ड्यांच्या कडा नवे सील कापत होत्या. आम्ही ते काम पैसे न घेता पुन्हा केले आणि वहीत खाऱ्या पाण्याचे वेगळे पान सुरू झाले. मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत, जून आणि जुलैमध्ये, ट्रॉलर मालीम, कुटबण यांसारख्या जेटींवर उभे असतात. तेव्हा ते दोन महिने त्यांच्यासाठी आणि बाकीचे वर्ष जेसीबी व वेर्ण्याच्या प्रेससाठी, अशी आमची घडी बसली.

डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाल्यावर एका जुन्या टिप्परमालकाने इंजिनापासून टायरपर्यंत सर्व गाड्यांचे वर्षभराचे काम देऊ केले. बाबांचा जीव त्यात अडकला होता, म्हणून आम्ही दोघे वह्या पुढ्यात घेऊन रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी बाबांनीच फोन केला आणि फक्त जॅकचे काम घेऊ, तेही जून-जुलै सोडून, असे कळवले.