बूस्टर म्हणजे ‘जास्तीचा’ डोस नव्हे, हे सांगणार कोण?

प्राण्यांच्या दवाखान्याची जाहिरात म्हटलं की आधी गोंडस फोटो आठवतात. टाका, हरकत नाही. पण नवीन आलेलं पिल्लू पुढची दहा-बारा वर्षं तुमच्याकडेच येणार की नाही, हे बहुधा पहिल्या तीन-चार भेटींत ठरून जातं. या भेटी कशाच्या असतात? लसीच्या.

कुत्र्याच्या पिल्लाची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना, पुढचे डोस दर २ ते ४ आठवड्यांनी आणि शेवटचा १६ आठवडे झाल्यावर, हे वेळापत्रक प्रत्येक कार्डावर छापलेलं असतं. तरी लोक दुसऱ्या डोसनंतर गळतात. पुढच्या डोसला ‘बूस्टर’ म्हटलं की त्यांना तो वरचा, नाही दिला तरी चालणारा डोस वाटतो. खरं कारण दोन वाक्यांत सांगता येतं. आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडीज पिल्लाचं रक्षण करतात, पण त्याच लसीलाही निकामी करतात. त्या कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, त्यामुळे आधीचा डोस लागू पडलाच असेल असं धरता येत नाही. एवढं रिसेप्शनवरच्या माणसाला पाठ हवं, कारण ‘आणलंच पाहिजे का हो?’ हा प्रश्न डॉक्टरांना नाही, त्यालाच विचारला जातो.

आता आठवणीचा मेसेज. एसएमएस रोमन लिपीत असेल तर १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. ‘मोती’ म्हणजे चार. सत्तरच्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. ‘मोतीचा शेवटचा डोस शुक्रवारी १४ ला.’ हे मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ३४ झालं. उरलेल्या ३६ मध्ये दवाखान्याचं नाव आणि फोन नंबर बसवायचा. ‘प्रिय ग्राहक, आपल्या लाडक्या पाळीव प्राण्याच्या आरोग्यासाठी’ अशी सुरुवात केलीत तर मोतीचं नाव यायच्या आतच ५९ अक्षरं संपतात. प्राण्याचं नाव पहिल्या शब्दात आलं की मेसेज वाचला जातो.

व्हॉट्सअॅपवर वेगळीच गोम आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. तुम्हाला वाटतं दोनशे जणांना गेला. प्रत्यक्षात किती जणांना मिळाला, देव जाणे. म्हणून पहिल्याच भेटीत, बिल होताना, समोरच नंबर सेव्ह करून घ्या.

एक आठवण आठवडाभर आधी, एक आदल्या दिवशी. तारीख उलटून तीन दिवस झाले तर मेसेज नको, फोन करा. त्यापुढे मागे लागू नये, माणसं नंबर ब्लॉक करतात.

या सगळ्यात एक चूक अक्षम्य आहे: गेलेल्या प्राण्याच्या नावाने लसीची आठवण जाणं. नोंदीत ‘मृत’ लिहिलं तरी आधी रांगेत लावलेले मेसेज काही सॉफ्टवेअरमध्ये तसेच राहतात. त्याच दिवशी रांग उघडून ते हाताने काढा. मात्र मालकाचं खातं बंद करू नका, घरात दुसरं मांजर असू शकतं.

मेसेजइतकंच महत्त्व घरी पाठवतानाच्या कागदाला आहे. ‘दिवसातून दोनदा’ लिहिलं की काही जण सकाळी नऊला आणि दुपारी दोनला देतात. ‘दर १२ तासांनी, सकाळी ८ आणि रात्री ८’ असं लिहा. पातळ औषध असेल तर सिरिंजवर मार्करने रेघ मारून द्या, ०.५ मिलीचे ५ मिली व्हायला एक टिंब पुसट छापलं तरी पुरतं. नसबंदीनंतर टाके १० ते १४ दिवसांनी काढायचे आणि तोवर गळ्यातली शंकूसारखी कॉलर (जखम चाटू नये म्हणून घालतात ती) काढायची नाही, हे ठळक अक्षरात. लोक तिसऱ्या दिवशी दया येऊन कॉलर काढतात आणि रात्रीत टाके चाटून उसवले जातात. मांजरवाल्यांसाठी एक ओळ कायमची छापून ठेवा: घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, ती मांजराचा जीव घेते.

‘त्रास वाटल्यास संपर्क साधा’ या वाक्याचा उपयोग शून्य. कशाला त्रास म्हणायचं ते लिहा: जखमेतून पू, वाढत जाणारी सूज, २४ तास अन्नाला तोंड न लावणं. बोका लघवीला बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट न पाहता लगेच.

खर्चाचा अंदाज सांगताना एकच आकडा देऊ नका. किमान-कमाल सांगा आणि कमालच्या वर जायची वेळ आली तर आधी फोन करू, हेही लेखी द्या. बिलावरून होणारी बरीच भांडणं रकमेपेक्षा ती अचानक समोर आल्यामुळे होतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा फोनही ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळी करावा. ‘बरं आहे ना?’ विचारलं की ‘हो’ येतं आणि फोन संपतो. ‘काल रात्री काय खाल्लं? सकाळपासून लघवी किती वेळा झाली? कॉलर आत्ता गळ्यात आहे का?’ असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडे क्षणभर शांतता पसरली, तर काय ते समजायचं आणि टाके बघायला त्याच दिवशी बोलवायचं.