तुम्ही विचारलंत म्हणून: घरातले फोटो-व्हिडिओ गेले, एवढं होऊनही ते ठेवायला घरातच सर्व्हर कशाला?

विजेचं आधी सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. ऐरोलीच्या घरात टीव्हीखाली चालणारा तो छोटा पीसी, तोच आमचा सर्व्हर, साधारण 10 वॅट खातो, म्हणजे महिन्याला सातेक युनिट. बाहेरून फोटो दिसेनात तेव्हा दोन रात्री राउटरचे पोर्ट उघडत बसलो. मग कळलं, आमच्या कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ताच नाही. आपलीच उपकरणं इंटरनेटवरून खाजगीत जोडणारं टेलस्केल टाकलं, प्रश्न मिटला.

"पैसे भरून गूगलवर ठेव की," असं म्हणता. बरोबर आहे. पण घरातल्यांचे फोटो घरातच असावेत असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं.

आता त्या रात्रीचं. जूनमध्ये पावसात लाइट दोनदा गेली. फोटोंची मोठी डिस्क गेली, पीसी मात्र पुन्हा सुरू झाला, कारण एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, 'नोफेल' मीच लिहिलं होतं: डिस्क सापडली नाही तरी थांबू नकोस. रात्री दोनला बॅकअपची कॉपी करणारं आरसिंक चाललं. त्यालाही 'डिलीट' मीच जोडलं होतं: मूळ जागी जे नाही, ते बॅकअपमधूनही काढ. डिस्क जोडलेलीच नव्हती, तिच्या जागी रिकामं फोल्डर होतं. आरसिंकने बॅकअपही रिकामा केला. सकाळी डिस्क कानाशी धरली. टक, टक, थांबून पुन्हा टक.

त्यात बाबांच्या शेवटच्या गणपतीचे व्हिडिओ होते. आरती मध्येच थांबवून "टाळ चुकतोय रे" म्हणणारे बाबा. मूळ व्हिडिओ आईच्या फोनमध्ये होते. "सर्व्हरवर आहेत ना, आई," म्हणत तो फोन मीच मोकळा केला होता. ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा सेकंदांची क्लिप सापडली. त्यात बाबांची पाठ दिसते.

डिस्क मरतातच, माझं काय चुकलं, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. चुकलं होतं. बॅकअप घेत होतो, पण त्यातून एक फोटोसुद्धा कधी परत काढून पाहिला नव्हता. आता डिस्क जोडलेली आहे का हे तपासल्याशिवाय कॉपी सुरू होत नाही, आणि तिसरी प्रत ठाण्याला, नौपाड्यात ताईच्या कपाटात असते. गूगलवर ठेवलं असतं तर ते व्हिडिओ आज असते, हेही खरं. तरी मी पुन्हा सर्व्हरच लावला. का, ते आईला अजून नीट सांगता आलेलं नाही.

तिचा फोन परवा पुन्हा भरला. मी हात पुढे केला. "राहू दे," म्हणाली, आणि फोन उशीखाली ठेवला.