जयंती नाल्यातलं पाणी आणि डेल्टा

काल संध्याकाळी आपल्या कोल्हापुरातल्या जयंती नाल्याच्या पुलावरनं गाडी घालत होतो, नाक दाबून अर्थातच, आणि डोक्यात सकाळी वाचलेलं फिरत होतं की ह्या असल्या सांडपाण्यातनंच साथीचा पत्ता लागतो म्हणे. म्हणजे बघा, कोरोना झालेल्या माणसाच्या पोटातनंपण विषाणूचे तुकडे बाहेर पडतात, मग तो टेस्ट करायला जावो न जावो, सांडपाण्याच्या नमुन्यात ते सापडू शकतात आणि त्याचं सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्याची जनुकीय अक्षरं ओळीनं वाचली, की कुठला व्हेरियंट, म्हणजे विषाणूचा कुठला बदललेला अवतार, फिरतोय तेपण कळतं. लई भारी ना?

ह्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा जनुकीय मजकूर, जेमतेम ३० हजार अक्षरांचा, माणसाचा ३०० कोटींचा! आणि त्या तीस हजारात चार-दोन अक्षरं बदलली की खेळच बदलतो. २०२१ च्या उन्हाळ्यात डेल्टा नावाच्या व्हेरियंटनं काय केलं ते आपण कोल्हापूरकरांना कुणी सांगायला नको, बाकीकडं दुकानं उघडली तरी आपल्याकडं शटर खालीच, आमच्या गल्लीत तर रोज ॲम्ब्युलन्स.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं इन्साकॉग काढलं, म्हणजे हे सिक्वेन्सिंग करायला देशभरातल्या लॅब जोडून केलेलं जाळं, पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) पण त्यात. पण सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट यायला वेळ लागला की तोवर विषाणू पुढच्या गावाला पोचलेला असतोय.

मित्राला सांगितलं तर म्हणतो, “भावा, आधी नाला साफ करा म्हणावं, मग तपासा.” त्याचंपण खरंय म्हणा.