आजीची खाणावळ

मंगळवार, रात्री उशिरा

काल आजीचं तेरावं झालं. पाटणहून, चिपळूणकडून, पार बदलापूर-विरारहून माणसं आली होती. बरीचशी सत्तरीपुढची, गिरणीतून निघून चाळीस वर्षं होत आलेली. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "मी तुझ्या आजीच्या हातचं जेवलोय." त्यानंतर मग माऊली, अन्नपूर्णा, त्यागमूर्ती. ऐकताना डोळे भरून येत होते, तरी काहीतरी खटकत होतं. आता घर झोपलंय, तेव्हा लिहून काढते.

आजी ब्याण्णव वर्षं जगली. त्यातली तीसेक वर्षं तिने लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवली. हे काम होतं. चूल पेटवणं तर होतंच, शिवाय हिशेब, उधारी, वसुली, तगादा हेही होतं. त्याला नुसती माया म्हटलं की तिचे कष्टही दिसेनासे होतात आणि तिची हुशारीही.

गिरणगाव, म्हणजे लालबाग-परळकडचा कापडगिरण्यांचा भाग, तेव्हा एकट्या पुरुषांचं होतं. घाटावरून, कोकणातून माणूस यायचा, बायको-पोरं गावी ठेवायचा आणि गावकीच्या खोलीत पंधरावीस जणांत पथारी टाकायचा. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच जागेवर झोपायची. अशा खोलीत स्वयंपाक कुठे करणार? म्हणून गल्लोगल्ली बायका जेवण घालायच्या. आजीकडे कधी बारा, कधी अठरा गडी असत. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी ती उठायची. भाकरी, आमटी, भात, एक भाजी; रविवारी मटण, कोकणातल्यांसाठी मधेच सुकट. पैसे महिन्याच्या पगाराला. गावी गेलेल्याचे खाडे धरायचे आणि तेवढे पैसे कापून घ्यायचे, यावरून वाद व्हायचे.

पगार महिनाअखेर आणि तांदूळ मात्र आज हवा. मधला सगळा महिना वाण्याच्या उधारीवर. उधारीवाल्या बाईला वाणी खड्यांचा तांदूळ द्यायचा आणि भाव चढा लावायचा, ती बोलणार काय? आईला आठवतं तसं आजीच्या गळ्यातलं मंगळसूत्र वर्षातून काही महिने सावकाराकडेच असायचं. रात्रंदिवस राबून हातात काही उरत नव्हतं, याचं मूळ तिथे होतं.

मग १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि नंतर गिरणी कामगारांत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, छोट्या माणसाला कर्ज द्यायचं धोरण कागदावर आलं होतं; पण बँकेच्या दारात या बायकांना घेऊन जाणारं कुणी नव्हतं. तारण ठेवायला यांच्याकडे काय होतं? म्हणून गट करून बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. आजी पुढच्याच काही वर्षांत त्यात गेली. अंगठा सोडून सही शिकली. आजोबांच्या पगाराच्या पाकिटामागे गिरवलेली तिची सही आईने अजून जपून ठेवली आहे.

कर्ज मिटलं, मंगळसूत्र परत आलं, वाणी बदलला. इथे थांबली असती तर ती फक्त आमची आजी राहिली असती. पण ती गटातल्या बाकीच्या बायकांच्या मागे लागली. एखादीचा हप्ता चुकला की संध्याकाळी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. धाक घालायला नव्हे, नेमकं काय झालंय ते कळायला. नवरा पैसे उडवतो का, पोरगं आजारी आहे का, गडी पैसे बुडवून पळाला का? कारण कळलं की चार जणी मिळून तो हप्ता सांभाळायच्या आणि पुढच्या महिन्यात तिच्याकडून वसूल करायच्या. वसूल करायच्याच. यात आजी हटायची नाही. "आज हिचा सोडला तर उद्या आपल्याला कुनी जामीन ऱ्हायचं न्हाय," म्हणायची.

१८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाख कामगार बाहेर आले. बरेचसे गावी गेले, पण बदली (म्हणजे कायम नसलेले) कामगार, कर्जात बुडालेले, गावी शेत नसलेले इथेच राहिले. पगार नाही म्हणजे खाणावळीचे पैसे नाहीत. त्या वर्षी गिरणगावात किती चुली अशा उधारीवर पेटत राहिल्या! संपाबद्दल बोलताना संपाचे नेते दत्ता सामंत यांची सभा निघते, मोर्चे निघतात, गिरणीमालक निघतात. पण एवढे महिने ही माणसं जेवत कुठे होती, हे सहसा कुणी विचारत नाही.

आजीने दुसरं कालवण बंद केलं, चपाती पूर्ण थांबवली, मटण गेलं. माणूस मात्र एकही कमी केला नाही. आणि एक नियम कडक केला: "लिवल्याबिगर वाढायचं न्हाय." ज्याच्याकडे फुटकी कवडी नाही त्याचंही प्रत्येक ताट वहीत चढलं पाहिजे. लिहायचं काम आईकडे, ती तेव्हा नववीत. आईने विचारलं होतं, हे लोक कधी देणार? आजी म्हणाली, "देऊ न देऊ. फुकाट जेवला म्हंजी उद्या मान वर करून येनार न्हाय. उपाशी झोपंल." मला तिच्या सगळ्या आयुष्यात हे सगळ्यात मोठं वाटतं. जेवण कुणीही घालेल. समोरच्याला आश्रित होऊ न देता जेवू घालणं तिला जमलं.

संप मागे कधी घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. कुणी पुढे काही वर्षांनी पैसे आणून दिले, कुणी गावाहून तांदळाचं पोतं पाठवलं, बरेचजण दिसले नाहीत. आजीने कुणाला हटकल्याचं आईला आठवत नाही.

एक बाजू आणखी आहे, आणि ती आईच सांगू शकते. शाळेआधी डबे घेऊन गिरणीच्या फाटकावर जायचं, शाळेनंतर अठरा ताटं घासायची, अभ्यास जिन्यावर. गोवर आला होता तेव्हा आजी कपाळावर हात ठेवून तशीच पोळपाटाकडे वळली, हे आई आज साठीतही विसरलेली नाही. "सगळ्यांची आई होती, माझ्या वाट्याला उरलीसुरली," असं ती काल भरल्या घरात म्हणाली. कुणाला आवडलं नाही. मला आवडलं. मला मिळालेली आजी निवांत होती, केसांना तेल लावणारी. ती निवांत आजी मला मिळावी म्हणून कुणीतरी आधी ताटं घासली होती.

२०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. आजोबांच्या नावाचा अर्ज होता. गिरणीचं ओळखपत्र, हजेरीचा दाखला, सगळं जोडलं. आजीचा संबंध त्यात 'कामगाराची वारस' एवढाच. जिने संपभर कामगार जगवले तिला त्या अर्जात रकाना नव्हता. घर लागलं नाही, त्याचं तिला फारसं वाटलंही नाही. मला वाटलं, आणि आज जास्त वाटतं.

आज दुपारी आई आणि मी ट्रंक उघडली. चोवीस वह्या निघाल्या. ८२ सालची वही आईच्या अक्षरात. नावाऐवजी गाव आणि गिरणीतलं खातं, म्हणजे विभाग: 'पाटण, साचेखाता', 'गुहागरचा धाकटा'. चौथ्या ओळीला 'घरचे' लिहिलंय, आणि पुढे रोजची दोन-दोन ताटं. आजोबा! तेही संपावर होते, त्यांचीही उधारी तिने चढवली होती. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मग? तेही कामगारच ना."

मामा रविवारी येतोय. वह्या नदीत सोडायच्या असं त्याच्या मनात आहे. मी सोडू देणार नाही. सगळ्या पानांचे फोटो काढायला आजच सुरुवात केली आहे, ८२ची वही अर्धी झाली.