ऐंशी टक्के, पण कशाचे? स्विच पोर्टवरचे बँडविड्थ अलर्ट

नेटवर्क स्विचच्या पोर्टवर वापर ८० टक्क्यांच्या वर गेला की कळवणारा अलर्ट लावायला दोन मिनिटं पुरतात. तो योग्य वेळी वाजेलच असं नाही. चूक सहसा ८० या आकड्यात नसते. हे ८० टक्के कशाचे आणि किती वेळातले, तिथे असते.

सुरुवात काउंटरपासून. एसएनएमपीत (नेटवर्कवरच्या यंत्रांकडून आकडे वाचण्याचा प्रोटोकॉल) बाइट मोजणारे काउंटर दोन जातींचे आहेत, ३२ बिटांचे आणि ६४ बिटांचे. ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की पुन्हा शून्यावर येतो. १ जीबीपीएसचा पोर्ट तुडुंब वाहत असेल, तर याला ३४ सेकंद लागतात. दर पाच मिनिटांनी वाचन घेत असाल तर दोन वाचनांच्या मध्ये तो आठ वेळा फिरून येतो आणि आलेखावर पोर्ट निवांत दिसतो. म्हणून ६४ बिटांचेच ओआयडी (एसएनएमपीत प्रत्येक माहितीचा ठरलेला क्रमांक) घ्या: येणाऱ्या बाइटांसाठी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, जाणाऱ्यांसाठी शेवटी ६ च्या जागी १०, पोर्टच्या वेगासाठी १५ (हा मेगाबिटमध्ये मिळतो) आणि पोर्टला दिलेल्या वर्णनासाठी १८. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा प्रकारच नाही. किमान २सी हवी, शक्य असेल तर ३.

गणित सोपं आहे. दोन वाचनांतला फरक गुणिले ८, भागिले मधले सेकंद, भागिले पोर्टचा वेग (मेगाबिटचे बिट करून), गुणिले १००. इन (येणारं) आणि आउट (जाणारं) मात्र वेगळे ठेवा. फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना चालणाऱ्या) पोर्टवर दोन्हींची बेरीज केली, तर दोन्ही दिशांना ४५ टक्के असलेला पोर्ट ९० दाखवेल आणि उगाच फोन वाजेल. दिशा नेहमी स्विचच्या बाजूने मोजायची: सर्व्हरच्या पोर्टवरचं ‘इन’ म्हणजे सर्व्हरने पाठवलेलं.

आता भाजक, म्हणजे पोर्टचा वेग. खरी फसगत इथे होते. वॅनचा (बाहेर जाणाऱ्या लिंकचा) पोर्ट १ जीबीपीएसचा, पण सेवा २०० एमबीपीएसची घेतलेली असेल, तर लिंक पूर्ण भरली तरी टक्केवारी २० च्या पुढे जाणार नाही. अशा पोर्टचा वेग मॉनिटरिंगमध्ये हाताने २०० लिहा. काही स्विचवर इंटरफेसच्या बँडविड्थ कमांडनेही हे साधतं, पण तोच आकडा ओएसपीएफ (मार्ग ठरवणारा रूटिंग प्रोटोकॉल) त्या मार्गाची कॉस्ट काढायला वापरतं, त्यामुळे रूटिंग हलू शकतं. मॉनिटरिंगमधला बदल जास्त सुरक्षित.

बाकी पोर्टवर उलट करा: वेग हाताने न लिहिता स्विचकडून वाचा. केबलची एक जोडी खराब झाली की १ जीबीपीएसचा पोर्ट १०० एमबीपीएसवर उतरतो. भाजकात १००० कायमचे लिहिलेले असतील तर तो गुदमरलेला पोर्ट १० टक्के दाखवत राहतो. वेग बदलल्याचा अलर्ट वेगळा लावलात तर आणखी चांगलं. लॅगच्या (अनेक पोर्ट जोडून केलेल्या एका बंडलच्या) बाबतीत नुसत्या बंडलवर अलर्ट लावून थांबू नका. हॅशिंगमुळे (पत्त्यांवरून मेंबर पोर्ट निवडण्याच्या पद्धतीमुळे) एक मोठा प्रवाह एकाच मेंबरवर बसतो. दोन मेंबरच्या बंडलवर ५५ टक्के दिसत असताना त्यातला एक पूर्ण भरलेला असू शकतो.

आणखी एक बारकावा, जो फारसा कुणी मोजत नाही. प्रत्येक फ्रेमसोबत (तारेवरून जाणारा डेटाचा एक तुकडा) तिच्या आधीची खूण म्हणजे प्रिअॅम्बल आणि दोन फ्रेममधलं अंतर मिळून २० बाइटांचा वेळ तारेवर जातो, पण तो काउंटरमध्ये येत नाही. सगळ्या फ्रेम ६४ बाइटांच्या असतील तर १ जीबीपीएसच्या तारेवर सेकंदाला सुमारे १४,८८,००० फ्रेम मावतात आणि काउंटर ७६ टक्क्यांवरच थांबतो. तार भरलेली, अलर्ट गप्प. छोट्या पॅकेटांची वाहतूक असेल तर मर्यादा ७० ठेवा.

वेळेचं गणित असंच. ३० सेकंद पूर्ण भरलेला पोर्ट पाच मिनिटांच्या सरासरीत १० टक्के दिसतो. वाचन दर मिनिटाला घ्या. फार घाई करूनही फायदा नाही. बरेच स्विच आतले काउंटर काही सेकंदांनीच ताजे करतात, त्यामुळे त्याहून वेगाने विचारलं तर एकदा शून्य, एकदा दुप्पट असा करवती आलेख येतो. त्याहून छोट्या झटक्यांसाठी टक्केवारीचा उपयोगच नाही. तिथे आउट डिस्कार्डचा (बाहेर न पाठवता टाकून दिलेल्या पॅकेटांचा) काउंटर (१.३.६.१.२.१.२.२.१.१९) बघायचा. तो वाढतोय म्हणजे बफर ओसंडतोय, सरासरी काहीही असो.

अलर्ट ८० च्या वर सलग १० मिनिटं राहिल्यावर वाजावा आणि ७० च्या खाली आल्यावर मिटावा. एकच रेषा ठेवली तर ७९-८१ च्या खेळात रात्रभर संदेश येतात. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये शेवटच्या १० मिनिटांचं किमान मूल्य तपासा आणि मिटण्याची अट वेगळी लिहा. प्रोमिथियस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचा रेट (सरासरी वेग) आणि नियमाला १० मिनिटांचा फॉर (अट इतका वेळ टिकली तरच अलर्ट). हा फॉर एका बुडीनेही पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो, हे लक्षात असू द्या.

मॉनिटरिंग सर्व्हर नसेल तर स्विचमधलं आरमॉन (स्विचने स्वतःच काउंटरवर लक्ष ठेवण्याची सोय) वापरता येतं. त्यात चढती-उतरती मर्यादा आधीपासूनच आहे. फक्त त्याची मर्यादा ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच लिहिता येते. १ जीबीपीएसचे ८० टक्के म्हणजे सेकंदाला १० कोटी बाइट, ३० सेकंदांत ३०० कोटी: मावत नाही. २० सेकंदांचा डेल्टा (दोन वाचनांतला फरक) घेतला की २०० कोटी, बसतं.

स्विच रीबूट झाला की दोन गोष्टी होतात. काउंटर शून्यावर येतो, आणि आरआरडीटूलचा (आलेखासाठी आकडे साठवणारं साधन) काउंटर प्रकार त्याला फिरून आलेला समजून प्रचंड उंच सुळका काढतो. त्याऐवजी डिराइव्ह प्रकार आणि किमान ० ठेवा. दुसरं, पोर्टचे इंडेक्स (एसएनएमपीतले क्रमांक) बदलू शकतात आणि तुमचा अपलिंकचा (बाकी नेटवर्ककडे जाणाऱ्या लिंकचा) अलर्ट प्रिंटरच्या पोर्टवर जाऊन बसतो. स्विचवर इंडेक्स कायम ठेवण्याची सेटिंग चालू करा, किंवा पोर्ट नावाने ओळखा.

सगळ्या पोर्टवर अलर्ट नको. वर्णनात ठरावीक उपसर्ग लिहा, त्यावरूनच अपलिंक, सर्व्हर आणि वॅन निवडा. बरेच पोर्ट एकदम वर गेले तर लूपची (जोडणी फिरून त्याच नेटवर्कमध्ये आल्याची) शंका घ्या आणि ब्रॉडकास्ट पॅकेटांचा काउंटर (वरच्या ओआयडीत शेवटी ९) तपासा.

चाचणी आयपर्फ३ (मुद्दाम वाहतूक सोडणारं साधन) ने ८५० एमबीपीएस सोडून करा. त्याची मूळ मुदत १० सेकंदांची आहे. ती ९०० केली नाही तर अलर्ट येणार नाही आणि तुम्ही चूक नियमात शोधत बसाल.